जे हाती लागेल ते

"तू नक्की वाचतोस तरी काय?" असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. प्रश्न तसा साधा आहे. ऑफिसात बाकीच्यांची उत्तरं तयार असतात. एक जण फक्त मॅनेजमेंटची पुस्तकं वाचतो, एक जण 'कथा-कादंबऱ्यांत वेळ घालवत नाही', आणि एक जण ऐतिहासिक सोडून कशालाच हात लावत नाही. माझ्या उशाशी या क्षणाला पुढील ऐवज आहे: उद्धव शेळक्यांची 'धग', इंद्रजाल कॉमिक्सचे कडा कुरतडलेले तीन अंक, रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या तपासाच्या आठवणी, आणि डेटाबेसवरचा एक ठोकळा, जो झोप येत नसेल तेव्हा कामी येतो :) बायको याला मिसळ म्हणते. एका मित्रानं परवा जरा स्पष्टच सांगितलं, "तुला टेस्ट नाहीये."

असेलही. पण ही टेस्ट नसणं कुठून आलं ते मला नीट ठाऊक आहे. ते अकोल्याच्या जठारपेठेतून आलंय.

ज्यांनी अकोल्याचा उन्हाळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. क्रिकेट संध्याकाळी सहानंतर. मधले पाच-सहा तास कूलरसमोर आडवं पडायचं आणि लाइट गेली की तेही सुख संपलं. केबल तेव्हा यायची होती. मग माणूस काय करणार? वाचणार. वऱ्हाडातली निम्मी वाचनसंस्कृती उन्हानं घडवली आहे असं माझं ठाम मत आहे, फक्त ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला कुणी उन्हाचे आभार मानत नाही एवढंच.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराच्या पुढच्या खोलीत सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. सरकारी अनुदान, अ-ब-क-ड वर्ग वगैरे काही नाही, निव्वळ हौसेचा मामला. महिना पाच रुपये, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. चालवणारे काका रिटायर्ड. पुस्तकं टिकावीत म्हणून ते प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर घालायचे आणि पाठीवर फक्त नंबर टाकायचे. नाव नाही, लेखक नाही, चित्र नाही. हेतू एवढाच की कव्हर फाटू नये. परिणाम मात्र भलताच झाला. वि. स. खांडेकर आणि बाबूराव अर्नाळकर शेजारी शेजारी, एकाच खाकी गणवेशात उभे! कुठलं 'चांगलं' आणि कुठलं 'हलकं' हे बाहेरून कळायला मार्गच नव्हता. दहा वर्षांच्या पोरानं नंबर बघून एखादं उचललं की आत काय निघेल ते पहिलं पान उघडल्यावरच समजायचं. कधी भूत, कधी वैज्ञानिक, कधी एखाद्या घरंदाज विधवेची कहाणी. बरं, बदलून आणायला उद्याशिवाय सोय नाही. त्यामुळे जे हाती लागेल ते शेवटपर्यंत वाचायचं, ही सवय तिथली.

दुसऱ्या दिवशी परत गेलं की काका चष्म्यावरून बघायचे.

"काहून बे पोट्ट्या, कालच त नेलं होतं. झालं का वाचून?"

"झालं."

"मंग सांग, खून कोनं केला?"

"मॅनेजरनं."

"कोन्या पानावर समजलं?"

ही खरी परीक्षा. शेवटच्या दहा पानांआधी ओळखलं असेल तर मान डोलवून ते मागच्या फळीवरचा एखादा खास नंबर काढून द्यायचे. 'खून कोनं केला?' हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा जो बसला तो अजून उठलेला नाही. पुढची सगळी बडबड त्याबद्दलच आहे.

बाबूराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६) यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार, काळा पहाड ही सगळी त्यांची मंडळी. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक, त्यांचाही आकडा हजाराच्या पलीकडचा. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा माझ्या वयाच्या कितीतरी लोकांना एकदम शाळेची सुट्टी आठवली असेल. मग सुहास शिरवळकर. 'दुनियादारी'वर २०१३ मध्ये सिनेमा आला आणि नव्या पिढीला ते कॉलेज-कादंबरीकार म्हणून कळले, पण आमच्यासाठी ते फिरोज इराणी आणि बॅरिस्टर अमर विश्वासवाले. या सगळ्यांत एक अलिखित करार असतो. खून होतो, पाच-सहा संशयित समोर येतात, त्यातला एक जण गुन्हेगार असतो, आणि पुस्तक संपायच्या आत तो सापडतो. सगळे पुरावे त्याच पानांत असतात, बाहेरून काही आणावं लागत नाही. प्रोग्रॅमिंग शिकताना मला हे जग फार ओळखीचं वाटलं. बग आहे म्हणजे कोडमध्ये एक चुकीची ओळ आहे. ती शोधा, सुधारा, घरी जा.

कॉमिक्समध्ये तर शोधायचीही भानगड नव्हती. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, त्याची शेवटची काही वर्षं माझ्या वाट्याला आली. उन्हाळ्यात कुणीतरी पोरगा ओट्यावर दोरी बांधून त्यावर कॉमिक्स लटकवायचा, चार आण्याला एक, तिथंच बसून वाचायचं. वेताळ ठोसा मारायचा आणि बदमाशाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची. म्हणजे गुन्हेगार कोण ते चेहऱ्यावरच छापलेलं! पुढे नोकरीत अशी सोय असती तर किती मीटिंगा वाचल्या असत्या.

पण त्याच इंद्रजालमध्ये १९७६ पासून आबिद सुरतींचा 'बहादूर' यायचा. हा आपल्या मातीतला, भगवा कुर्ता आणि जीन्सवाला. त्याचा बाप डाकू आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मरतो त्याच्याच घरात हा वाढतो. सूड घ्यायचा म्हणून पेटलेला पोरगा शेवटी डाकूंशी लढायला गावकऱ्यांचं दल उभं करतो. ओट्यावर पाय हलवत बसलेल्या मला ते नीटसं पचलं नव्हतं. गुन्हेगाराचा मुलगा हिरो? आणि बाप मारणारा माणूस चांगला? वेताळाच्या अंगठीनं कुणाच्या जबड्यावर खूण करायची मग? चार आण्यात एवढं डोकं खाणारी गोष्ट मिळायची, आणि लोक म्हणतात कॉमिक्समुळे पोरं बिघडतात.

दुसरा वेताळ विक्रमाच्या खांद्यावरचा. (लहानपणी दोन्ही वेताळ एकच आहेत अशी माझी समजूत होती. जंगल दोघांच्याही गोष्टीत असतं ना.) 'चांदोबा'त तो दर महिन्याला भेटायचा, शंकर यांच्या त्या प्रसिद्ध चित्रासकट. पण मूळ वेतालपंचविशीतली एक गोष्ट मला खाकी कव्हरातच सापडली. ही अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तही आहे. एक ससाणा साप पकडून उडत असतो. सापाच्या तोंडातून विष गळतं आणि खाली एका ब्राह्मणाच्या हातातल्या अन्नात पडतं. अन्न एका बाईनं दान म्हणून दिलेलं. तो खातो आणि मरतो. वेताळ विचारतो, सांग राजा, पाप कुणाला लागलं? ससाणा त्याचं भक्ष्य नेत होता. साप मरणाच्या दारात होता. बाईनं चांगल्या मनानं वाढलं होतं. राजाचं उत्तर असं की यांच्यापैकी कुणालाच नाही, पाप त्याला, जो विचार न करता यातल्या एकावर बोट ठेवेल.

काकांनी विचारलं, "खून कोनं केला?"

मी म्हटलं, "कोनंच नाही."

काका हसले नाहीत. म्हणाले, "हे पुस्तक परत वाचजो मोठा झाल्यावर." आणि नेहमीप्रमाणे रजिस्टरमध्ये नंबर खोडला.

आता जरा अवघड भाग. खऱ्या गुन्ह्यांचं वाचन. आमच्याकडे त्याची सुरुवात कटिंगच्या दुकानात व्हायची. नंबर लागेपर्यंत तिथली गुन्हेगारी साप्ताहिकं चाळायची, बाबा बघत नसताना. पुण्यात आल्यावर जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल (१९७६-७७) मिळेल ते वाचलं, कारण ज्या रस्त्यांवरून रोज जायचो ते रस्ते त्यात होते. पण मला खरं खेचलं ते मानवतनं.

मानवत परभणी जिल्ह्यातलं. १९७२ च्या नोव्हेंबरपासून पुढचं वर्षभर तिथे बायका आणि लहान मुलींचे खून होत राहिले. साल लक्षात घ्या, दुष्काळाचं. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं यासाठी बळी दिले जातायत अशी कुजबुज होती आणि तपास त्याच दिशेनं गेला. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी गेले, ज्यांच्या टीमनं १९६८ मध्ये रामन राघवला पकडलं होतं. पुढे खटला चालला, काहींना शिक्षा झाल्या, तर काही आरोपी वरच्या कोर्टात सुटले. २०२४ मध्ये यावर वेब सिरीज आली तेव्हा ऑफिसात आठवडाभर तीच चर्चा. कुणीतरी म्हणालं, "काय भारी थ्रिलर आहे यार!"

त्या वीकेंडला मी आईला फोनवर विचारलं, तुला आठवतं का हे. आईचं माहेर वाशीम. आज मधे हिंगोली जिल्हा आहे, पण तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, म्हणजे दोन जिल्हे एकमेकांना लागून. आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. ती म्हणाली, वर्षभर आम्हाला विहिरीवर एकटं जायची बंदी होती. धाकट्या मावशीला तर संध्याकाळी ओट्यावरही बसू द्यायचे नाहीत. मग थोडं थांबून म्हणाली, "मारनाऱ्यायचे नावं साऱ्याईले पाठ हायेत. त्या पोरीईचं नाव इचारून पाह्य बरं कोनाले."

मी विचारून पाहिलं. सिरीज दोनदा बघितलेल्या मित्रालाही एक नाव सांगता आलं नाही.

तेव्हापासून खऱ्या गुन्ह्याचं पुस्तक उघडलं की माझी एक साधी कसोटी असते. पन्नास पानं झाल्यावर मेलेल्या माणसाबद्दल मला काय माहीत आहे? ती काय काम करायची, तिला कोण शोधत फिरलं, हे लेखकानं सांगितलं असेल तर पुढे वाचायचं. नुसत्या जखमा मोजल्या असतील तर ठेवून द्यायचं. कुलकर्णींच्या आठवणी मी पुन्हा वाचतोय त्या यासाठीच. आणि 'खून कोनं केला?' या प्रश्नाला मानवतमध्ये कोर्टाचं उत्तर एक आहे, पण ते पुरत नाही. भोंदूपणावर विश्वास ठेवणारं गाव, दुष्काळ, मुलगी म्हणजे कमी मोलाची असं मानणारी घरं... यांच्या जबड्यावर खूण कशी उमटवणार? महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ चा डिसेंबर उजाडावा लागला, तोही नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

आता घराजवळ येतो.

शाळेतला माझा एक मित्र आहे. नाव लिहीत नाही. तेल्हाऱ्याकडचा, शिकायला जठारपेठेत मामाकडे राहायचा. वेताळ त्याचा, मँड्रेक माझा, अशी आमची वाटणी होती. बारावीनंतर मी इंजिनियरिंगला गेलो, तो शेतीवर परत गेला. २००५ मध्ये त्याच्या वडिलांनी फवारणीचं औषध घेतलं.

त्या काळात पेपरात रोज आकडे यायचे. मी पुण्यात बसून वाचायचो. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तोवर माझ्या वाचनात नॉन-फिक्शन म्हणजे अनिल अवचट आणि थोडं नारळीकर. त्या वर्षी मी हट्टानं पी. साईनाथ वाचले. 'दुष्काळ आवडे सर्वांना' या हेमंत कर्णिकांच्या अनुवादातून. त्या पुस्तकात वऱ्हाड नाही, पण एखाद्या गावात काय काय मोजायचं असतं हे ते शिकवतं. मग सदानंद देशमुखांची 'बारोमास', २००२ ची. शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ आणि त्याचं शेतीत रुतत जाणारं घर. बुलढाण्याकडची भाषा, म्हणजे जवळजवळ आमच्याच घरातली.

आणि मग मी सवयीनं प्रश्न विचारला. मित्राच्या वडिलांचा खून कोनं केला?

सावकारानं? त्यानं पैसे दिले तेव्हा बँक देत नव्हती. बँकेनं? आधीचं कर्ज थकलं होतं. बियाण्यानं? बीटी कापूस २००२ मध्ये आला, ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशेच्या पुढे मिळायची, २००६ मध्ये ती साडेसातशेवर आली, म्हणजे त्यांच्यासाठी एक वर्ष उशिरा. पाण्यानं? पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, विहीर खणली तरी पाणी खारं, सगळी भिस्त पावसावर. एकाधिकार खरेदी मोडकळीला आली, व्यापारी पाडेल तो भाव. बहिणीचं लग्न त्याच उन्हाळ्यात. यातला कुठलाही एक धागा काढला तर कदाचित ते आज असते. पण नेमका कुठला, ते सांगता येत नाही. ससाणा, साप, आणि चांगल्या मनानं वाढणारी बाई.

दोन वर्षांनी तो पुण्याला माझ्याकडे आला होता, भाच्याच्या ॲडमिशनसाठी. माझ्या कपाटापुढे उभं राहून त्यानं 'बारोमास' काढली, उभ्या उभ्याच दहा-बारा पानं वाचली आणि जागेवर ठेवली.

"हे त मले तोंडपाठ हाय," तो म्हणाला. "तुयाजोळ थे गुरुनाथ नाईक होते ना? थे दे दोन-तीन. गाडीत वाचतो."

मी तीन दिली. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये त्याला बसवून देताना मी म्हटलं, बारोमास पण ने. तो म्हणाला, "थे राहू दे. वाचीन एखाद्या वेळी. आता नाही."

हलकं वाचन, पलायनवादी साहित्य वगैरे शब्द कुणी वापरले की मला तो फलाटावरचा माणूस दिसतो, पिशवीत तीन रहस्यकथा घेतलेला. त्याला शंभर पानं असं जग हवं होतं, जिथं गुन्हेगार एक असतो आणि तो सापडतो. ते मागण्याचा त्याच्याएवढा हक्क कुणाला आहे? आणि मला 'बारोमास' हवी होती, कारण माझ्या पगाराच्या स्लिपवर खारं पाणी कुठेच नव्हतं. कोणतं पुस्तक वरच्या दर्जाचं हा प्रश्न त्या फलाटावर अगदीच पोकळ वाटला असता.

उद्धव शेळक्यांकडे बघा ना. १९६० मध्ये त्यांनी 'धग' लिहिली. वऱ्हाडी बोलीतली, कौतिकची. तिच्या हालांना गुन्हेगार शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही, फक्त ती बाई डोळ्यांपुढून हलत नाही. आणि याच माणसानं पोटासाठी ढिगानं रंजक कादंबऱ्याही लिहिल्या. समीक्षक एका शेळक्यांना कपाटात ठेवतात, दुसऱ्यांचं नाव घेत नाहीत. आमच्या काकांकडे दोघंही खाकी कव्हरात होते.

ऑफिसचं सांगायचं तर, एकदा रात्री दोनला आमची सिस्टीम बसली. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच, "कोणी केलं?" शेवटचा बदल एका ज्युनिअर मुलीचा होता, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. आम्ही तीन-चार जण हटून बसलो आणि दोन दिवस खणलं. डिस्क भरत आली होती, तिचा अलार्म कुणीतरी सहा महिन्यांपूर्वी बंद केलेला, टेस्टिंगचा डेटा खऱ्यापेक्षा फारच लहान, आणि मग तिची ती एक ओळ. चार गोष्टी एका रात्री जमल्या. अहवालात चारही लिहिल्या, नाव कुणाचंच नाही. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत यासाठी झकास तक्ते असतात. मला ते वेतालपंचविशीतून आधीच माहीत होतं. पण हेही खरं, की अर्नाळकर वाचले नसते तर दोन दिवस चिकाटीनं खणलंही नसतं. 'कोनंच नाही' म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. मानवतमध्ये कुलकर्णी 'सगळा समाजच दोषी' म्हणून परत गेले असते तर? एका गुन्हेगाराचा हट्टानं शोध घेणारं पुस्तक हवं आणि तो एकटा नव्हता हे सांगणारंही हवं. एकाच फळीवर, शक्यतो खाकीत.

काकांची लायब्ररी काही वर्षांपूर्वी बंद झाली. गुडघे चालेनात, मुलं बाहेरगावी. पुस्तकं रद्दीच्या भावानं जायला निघाली तेव्हा आईनं रिक्षा करून दोन पोती घरी आणली. माझ्या पुतण्यानं प्रत्येकाचं नाव आणि लेखक एक्सेलमध्ये भरून स्टिकर लावायचा बेत केला होता. आईनं साफ नकार दिला. आता शेजारची पोरं सुट्टीत येतात आणि नंबर बघून पुस्तक नेतात.

परवा तिचा फोन आला, सध्या २११४ वाचतेय म्हणाली, तू दिवाळीत आलास की वाच.

"काय आहे ते? कादंबरी? रहस्यकथा?"

"मी नाही सांगत," आई म्हणाली. "उघडून पाह्यजो."